सूचक परेश, अनुमोदक मी

१ मार्च १९९८, रविवार

ही डायरी साहेबांनी जानेवारीत दिली. कमिटीवाल्यांना दिल्या, आणि मी कमिटीत नसताना मलाही दिली. "पेडणेकर, अक्षर मोत्यासारखं आहे तुमचं, काहीतरी लिहीत चला," म्हणाले. दोन महिने कपाटात पडली होती. आज सभेवरून आलो आणि लिहावंसं वाटलं.

साहेब म्हणजे जयवंतराव नेरुरकर, आमच्या सोसायटीचे चेअरमन. माणूस असावा तर असा! बोळिंजला राहायला आलो तेव्हा जिन्यात दिवा नव्हता, गटार उघडं, नळाला नुसती हवा. बिल्डर फोन उचलेना. साहेब डबा घेऊन त्याच्या ऑफिसात जाऊन बसले. जेवण तिथं, पेपर तिथं, दुपारची डुलकीसुद्धा तिथंच. चौथ्या दिवशी इलेक्ट्रिशियन हजर. टँकरही त्यांनीच चालू केला. ते नसते तर आम्ही गाशा गुंडाळून परत परळच्या खोलीत गेलो असतो.

आजच्या सभेत दुसऱ्या टँकरचा विषय होता. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात २०४च्या तुस्कानो टीचर उठल्या. क्लेमेंटीन तुस्कानो, इथल्याच, वाडीतल्या. प्राथमिक शाळेत शिकवतात. नवरा सिप्रियन लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, तेव्हापासून पलंगावरच आहे.

टीचर म्हणाल्या, "हे पाणी येतं कुठून, ठाऊक आहे का कोणाला? माझ्या माहेरच्या वाडीतून. रात्रंदिवस पंप लावून उपसतात. यंदा भावाच्या विहिरीला खारं पाणी लागलं. केळी पिवळी पडली. आपण सगळे नगरपालिकेवर जाऊ, हक्काचा नळ मागू. मी सगळ्यांच्या पुढे चालेन. पण दुसरा टँकर नको."

सगळे साहेबांकडे बघू लागले. साहेब मात्र शांत. म्हणाले, "टीचर मनापासून बोलल्या. मला त्यांचा आदर वाटतो. ज्यांच्या मनाला हे पाणी पटत नाही, त्यांच्यावर आपण ते लादणं काही बरं नव्हे."

काय हशा पिकला! मीही हसलो. हजरजबाबी माणूस, मानलं पाहिजे. लगेच ठराव: टँकर दोन, आणि टीचर टँकरला लेखी संमती देईपर्यंत २०४च्या नळीची गच्चीवरची चावी बंद. ठराव मांडतो तो सूचक आणि त्याला दुजोरा देतो तो अनुमोदक. अनुमोदक नसला तर ठराव मताला टाकताच येत नाही. सूचक झाला आमचा खजिनदार परेश. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी म्हटलं, "अनुमोदन." पहिल्या रांगेत बसत असल्याने हे काम कायम माझ्याकडेच असतं.

घरी आलो तर वसुंधरा म्हणते, "आले अनुमोदक. ताट वाढू की आधी ठराव करायचा?" हिला चेष्टेशिवाय काही सुचत नाही. दोन दिवसांत टीचर सही करतील, आणि विषय संपेल.

६ मार्च

सही केली नाही. त्यांचा भाऊ ज्युलियस रोज सकाळी एम-एटी मोपेडवर दोन कॅन बांधून पाणी घेऊन येतो. विहीर खारी म्हणे, तर मग हे कुठलं? वसुंधरेला विचारलं. म्हणाली, "शेजाऱ्याच्या विहिरीचं. ती अजून गोडी आहे." हिला कसं ठाऊक कोण जाणे. बायकांना सगळं ठाऊक असतं.

एक सांगतो, बाईची जिद्द आहे. दोन कॅन म्हणजे काय हो? त्यात स्वयंपाक, भांडी, आणि पलंगावरचा माणूस. मला तर दाढीलाच तांब्याभर जास्त लागतं.

१५ मार्च, रविवार

आज पार्किंगमध्येच छोटी सभा झाली. विषय: सोसायटीच्या आवारात बाहेरच्या गाड्यांना मज्जाव. परवाच कोणाची तरी स्कूटर वाटेत उभी होती, अँब्युलन्स आली असती तर? साहेबांचं म्हणणं बरोबरच आहे. सूचक परेश, अनुमोदक मी.

सभा संपल्यावर लक्षात आलं की ज्युलियसची एम-एटीही बाहेरचीच गाडी. वॉचमन रामूने त्याला गेटवरच अडवलं. टीचर खाली आल्या. एक कॅन उचलला, दुसऱ्या मजल्यावर ठेवला, परत आल्या, दुसरा उचलला. आम्ही सात-आठ पुरुष तिथंच खुर्च्या आवरत होतो. मदत करावीशी वाटली होती, पण ठराव नुकताच झालेला, लगेच आपणच जायचं तर बरं दिसलं नसतं. शिवाय कोणीच हललं नाही.

साहेबांच्या कानावर घालीन म्हणतो, पायऱ्यांपर्यंत तरी गाडी येऊ द्या. योग्य वेळ पाहून.

२३ मार्च

ऊन मी म्हणतंय. घरातलं पिंप दुपारीच तळाला जातं, आणि आम्ही माणसं तीन. वसुंधरा म्हणते, "उन्हाळा आहे, आटतं." पिंपातलं पाणी आटतं का? पण कोण वाद घालणार. वर माझ्यावरच ओरडते, दाढी करताना नळ चालू ठेवता, अर्ध्या बादलीत अंघोळ करायला काय होतं म्हणून.

हिचा उजवा खांदाही धरलाय. आयोडेक्स चोळून दिलं. म्हटलं, काय उचलतेस काय एवढं? म्हणाली, "संसार." घ्या! उत्तर तयारच असतं.

आज चहाबरोबर फुगे होते, ते गोल तळलेले, आतून पोकळ. वसईचे खास. आमच्या घरात हे कधी होत नाहीत. वसुंधरा म्हणाली बाजारात मिळाले. बाजारात इतके ताजे मिळत असतील तर रोज आणावेत.

२९ मार्च, रविवार

वाचनालयाची वक्तृत्व स्पर्धा आहे पुढच्या रविवारी. आमची अश्लेषा उतरतेय. विषय दिलाय भारदस्त: 'हुकूमशाहीत सामान्य माणसे गप्प का बसतात?' मला कोण आनंद! कॉलेजात असताना मीही भाषणं केलीत. लगेच मुद्दे दिले. एक, भीती. दोन, अज्ञान. तीन, खोटा प्रचार. उदाहरण जर्मनीचं दे म्हटलं, आणि शेवटी सांग की आपण भाग्यवान, आपल्याकडे लोकशाही आहे. तिथं टाळ्या घे.

अश्लेषा पेन चावत बसली होती. म्हणाली, "बाबा, पण हुकूमशहा चांगला माणूस असेल तर? म्हणजे त्याने लोकांचं खरंच भलं केलं असेल तर?"

म्हटलं, "कोण, हिटलर?"

"नाही हो. असाच कोणीतरी."

"भलं केलं असेल तर लोक कृतज्ञ राहणारच ना. तो मुद्दा तुझ्या विषयात बसत नाही. घोळ घालू नकोस."

"बरं," म्हणाली आणि काहीतरी लिहून घेतलं. पोरगी हुशार आहे, फक्त विषयाला सोडून जाते.

५ एप्रिल, रविवार

अश्लेषाला दुसरा नंबर! प्रमुख पाहुणे कोण, तर आपले साहेबच. छाती भरून आली.

भाषण मात्र मी दिलेलं नव्हतंच. भीती, अज्ञान, प्रचार, सगळ्याला कात्री. म्हणाली, "पहिल्या दिवशी कोणी घाबरलेलं नसतं. पहिल्या दिवशी सोयीचं असतं. आपल्या नळाला पाणी येत असतं. घाबरायला होतं ते नंतर, आणि तोवर गप्प बसायची सवय झालेली असते." परीक्षक मान डोलवत होते. माझ्या शेजारी वसुंधरा डोळे पुसत होती. त्यात रडण्यासारखं काय होतं मला कळलं नाही, पण आईचं काळीज.

बक्षीस देताना साहेब कौतुकाने म्हणाले, "छान बोललीस हो जर्मनीबद्दल."

तर ही कार्टी म्हणते, "जर्मनीचं नाव मी घेतलंच नाही, काका."

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. साहेब मोठ्या मनाचे, हसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. घरी येताना तिला चांगलंच फैलावर घेतलं.

७ एप्रिल

संध्याकाळी साहेबांबरोबर गेटपासून तळ्यापर्यंत फेरी झाली. हा माझा दिवसातला सगळ्यात चांगला वेळ. मोठा माणूस, पण आपल्याशी बरोबरीने बोलतो.

विषय निघाला टीचरचा. मी मनातलं बोलून टाकलं. "साहेब, विरोध आपल्या जागी, पण बाई कर्तबगार हो! एवढ्याशा पाण्यात नवऱ्याची चादर रोज धुऊन टाकते. आमच्या बाल्कनीतून दिसते ना, रोज पांढरीशुभ्र चादर वाळत असते."

साहेब थांबले. "रोज?"

"रोज. कधीकधी दोन."

"दोन कॅनमध्ये," साहेब म्हणाले. मग खाली बघत चालू लागले. मला बरं वाटलं. त्यांच्याही मनात बाईबद्दल थोडं कौतुक आलं असणार. असं हळूहळूच सुटतं सगळं. एम-एटीचं मात्र बोलायचं राहिलं.

९ एप्रिल

नोटिसबोर्डावर नोटीस लागली. १२ तारखेला सकाळी साडेनऊला तातडीची सभा. त्या दिवशी ईस्टर आहे, टीचर चर्चला असणार. साहेबांच्या लक्षात आलं नसावं.

१२ एप्रिल, रविवार

आज जे झालं ते लिहितो. नीट लिहिता येईल का, माहीत नाही.

सभा पार्किंगमध्येच. पुरुष पुढे, बायका मागे भिंतीकडे. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्यातलंच कोणीतरी २०४ला चोरून पाणी पुरवतंय. ठराव सोसायटीचा आहे, माझा नाही. सोसायटीच्या पाठीत सुरा खुपसणारा कोण, हे आज समजायला हवं." एवढे रागावलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. रागावले तरी आवाज चढत नाही, हे विशेष.

परेशने टेबलाखालून स्टीलची कळशी काढली. सकाळी रामूला ती २०४च्या दारात मिळाली होती, पाण्याने भरलेली. परेश खुशीत होता. "चोराने स्वतःची पाटी लावून ठेवलीय," म्हणाला आणि कळशीच्या गळ्यावर कोरलेली अक्षरं वाचू लागला. "सौ. विनिता..." आणि थांबला.

"वाचा ना. मोठ्याने वाचा," साहेब म्हणाले.

परेशने नाही वाचलं. साहेबांनी कळशी हातात घेतली, चष्मा लावला. तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळलं काय ते. 'सौ. विनिता जयवंत नेरुरकर यांजकडून.' आहेराची भांडी असतात ना, तशी. देणाऱ्याचं नाव भांड्यावर, आणि भांडं दुसऱ्याच्याच घरात. साहेबांच्या पत्नी विनितावहिनींनी आहेरात दिलेली कळशी बिल्डिंगमध्ये कोणाकडेही असू शकते.

पण मला कळशीचं बूड दिसलं. बुडाला पोचा होता. आमच्या वास्तुशांतीला आली होती ती कळशी, महिन्याभरातच माझ्या हातून मोरीत पडली होती, वसुंधरा दोन दिवस बोलत नव्हती. पहिल्यांदा वाटलं, आमच्याकडून ही चोरीला कधी गेली? मग मी मागे वळून वसुंधरेचा चेहरा पाहिला. पिंप, खांदा, फुगे, सगळं एकदम डोक्यात आलं.

साहेबांनी बायकांच्या रांगेकडे पाहिलं. "विनिता, ही कोणाला दिली होतीस?"

विनितावहिनी सभेत कधी बोलत नाहीत. चहा आणतात, कप गोळा करतात आणि जातात. वसुंधरेच्या अगदी शेजारी बसल्या होत्या. वसुंधरा उठायला लागली, तर वहिनींनी तिच्या गुडघ्यावर हात दाबला आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"कोणाला नाही," म्हणाल्या. "घरचीच आहे. पाणी मी देत होते."

धन्य ती बाई! आवाज कापत होता, पण वाक्य पुरं केलं. बत्तीस वर्षं ज्या माणसासमोर मान वर केली नाही, त्याच्यासमोर सगळ्या बिल्डिंगच्या देखत, आणि तेही न केलेलं अंगावर घेऊन. मला साहेबांबद्दल आजवर जेवढा आदर वाटला, तेवढा त्या एका क्षणात तिच्याबद्दल वाटला, आणि तो कुठे ठेवावा तेच कळेना.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. पण ते साहेबच. "ठीक आहे. नियम सर्वांना सारखा. ठराव लिहा. जो कोणी २०४ला पाणी देईल, त्याच्या घराचीही चावी बंद. मग ते घर माझं का असेना. सूचक?"

परेश पुटपुटला, "मी मांडतो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

इथं मी काही विचार केला, असं लिहायला आवडलं असतं. खरं सांगायचं तर काही केला नाही. वसुंधरा काय करील, साहेब काय म्हणतील, घरचं पाणी, सगळ्याची नुसती भेळ झाली होती. शब्द एकच, रोजचा, पण निघेना.

"पेडणेकर?"

मी पायांतल्या चपलांकडे बघत बसलो.

मग साहेबांनी दुसऱ्यांकडे पाहिलं. पहिली रांग, दुसरी रांग. ज्याच्याकडे बघतील तो खाली बघे. एरवी 'कोणाची हरकत?' म्हटल्यावर आमच्यात जशी शांतता असते, अगदी तशीच होती. तीच माणसं, तीच तोंडं मिटलेली. फक्त आज प्रश्न उलटा होता, म्हणून आमच्या गप्प बसण्याचा अर्थ 'नाही' असा झाला.

साहेब किती वेळ उभे होते, सांगता येत नाही. शेवटी परेशने कागद गोळा केले, आणि कोणीतरी खुर्ची सरकवली. सभा झाली. ठराव पडला म्हणजे झालं काय, तर एका माणसाने एक शब्द उच्चारला नाही. याला धैर्य म्हणतात का? मला तर वाटतं मी घाबरलो होतो. नेहमीसारखाच.

१३ एप्रिल

वसुंधरेला विचारलं, कधीपासून? म्हणाली, पहिल्या आठवड्यापासून. पहाटे, दूध आणायला जाताना. अश्लेषाही जायची. परेशची बायकोसुद्धा दोनदा देऊन आली म्हणे! परेशची!

"आणि मला का नाही सांगितलंस? मी काय परका आहे?"

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चादरींचं साहेबांना कोणी सांगितलं?"

"अगं, मी कौतुकाने बोललो!"

"तेच तर. तुमच्या कौतुकाचीच भीती वाटायची आम्हांला."

"भीती? माझी? मी कधी साधा आवाज तरी चढवलाय या घरात?"

"नाही चढवला. म्हणून काय झालं? तुम्हांला कळलं की साहेबांना कळणार, एवढं आम्हांला ठाऊक होतं. दारात तुमच्या चपला वाजल्या की मी आणि पोरगी विषय बदलायचो." मग म्हणाली, "तुम्ही वाईट नाही हो. तुम्ही वाईट असता तर सोपं गेलं असतं."

एवढं बोलून ती मेथी धुवायला उठली, आणि धुतलेलं पाणी नेहमीसारखं बादलीत जपून ओतलं. मी तिथंच बसलो. आपल्याला कोणी घाबरत असेल, हे या जन्मात माझ्या मनात आलं नव्हतं. मी घरात शिरलो की घर शांत होतं, ते मानाने, असं मी धरून चाललो होतो. मला रडायला आलं, आणि आलं ते लपवायला बाल्कनीत जावं म्हटलं तर समोर ती चादर वाळत होती.

संध्याकाळी पिंपातून बादली भरली आणि २०४ला गेलो. उघड, दिव्याच्या उजेडात, मुख्य जिन्याने. दारापाशी पोचलो तर आतून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता, हसण्याचासुद्धा. बेल वाजवली. टीचरनी दार उघडलं, मला पाहिलं, आणि मागे वळून म्हणाल्या, "पेडणेकर आलेत."

आतले आवाज बंद झाले.

हॉलमध्ये विनितावहिनी होत्या, परेशची बायको होती, तळमजल्यावरच्या आनंदीबाई होत्या, आणि आमच्या दोघीही होत्या. मधोमध पुठ्ठे आणि रंग. नगरपालिकेवर हंडा मोर्चा काढायचं चाललं होतं, 'टँकर नको, नळ हवा'. अश्लेषाने अर्धा लिहिलेला पुठ्ठा उलटा करून ठेवला. माझीच मुलगी.

मी म्हटलं, "चालू द्या." कोणी चालू केलं नाही. बादलीच्या कडीने बोटं दुखत होती, पण ठेवू कुठे, तेही सुचेना. पलंगावरून सिप्रियनने चांगल्या हाताने खुर्ची दाखवली. मी बसलो नाही. म्हटलं, "विनितावहिनी, गच्चीची किल्ली साहेबांकडे असते. मी आत्ता जाऊन मागतो. २०४ची चावी बंद करायला अनुमोदन मीच दिलं होतं. उघडायला मीच जातो."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. जोखत होत्या. मग वसुंधरेकडे बघितलं. वसुंधरेने माझ्याकडे बघितलं, इतका वेळ, की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही बघितलं नसेल, आणि मान हलवली. तेव्हा वहिनींनी पदराची गाठ सोडली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"मागायला नका जाऊ," म्हणाल्या. "मागायला गेलात की तसेच परत याल."

१४ एप्रिल

टाकी भरल्याबरोबर वर गेलो. चावी गंजली होती, फडक्याने धरून दोन्ही हातांनी फिरवावी लागली. नळीतून आधी हवा आली, मग पाणी सरसरत खाली गेलेलं ऐकू आलं.

उतरताना तिसऱ्या मजल्यावर साहेब भेटले. फिरायला निघाले होते. "पेडणेकर, वर कुठे?"

"२०४चं पाणी सोडलं, साहेब."

एवढंच बोललो. पण शब्द निघाले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, खाली जिन्याकडे पाहिलं. खालून टीचरच्या घरात बादली भरत असल्याचा आवाज येत होता. मी वाट बघत होतो, ते आता काहीतरी बोलतील. नेहमी त्यांच्यापाशी काहीतरी असतंच.

साहेब काही बोलले नाहीत.